मदत हवी आहे: हायडेलबर्गमधला एक निवांत दिवस

नमस्कार. सप्टेंबरमध्ये माझे आई-वडील पुण्याहून आमच्याकडे स्टुटगार्टला येत असून, आमची लहान मुलगी आणि एका मित्राचे कुटुंब यांच्यासह हायडेलबर्गमध्ये एक पूर्ण दिवस अजिबात घाई न करता घालवावा, असे मनात आहे.

बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून किल्ल्यावर चढून न जाता कॉर्नमार्क्ट चौकातून सुटणाऱ्या डोंगरी रेल्वेने जाऊ. तिचे भाडे किल्ल्याच्या तिकिटातच येते आणि तळघरातले १७५१ सालचे, दोन लाखांहून अधिक लिटरचे लाकडी पिंपही त्याच तिकिटात पाहता येते.

खरी अडचण फिलॉसॉफेनवेगची आहे. नेकार नदीपलीकडच्या त्या वाटेवरून जुना पूल, गाव आणि किल्ला एकत्र दिसतो आणि माझ्या मते या शहरातले सर्वांत सुंदर दृश्य तेच आहे. ते आईबाबांनी पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र पुलाजवळून वर जाणारी श्लांगेनवेग ही पायऱ्यांची वाट बाबांना झेपणार नाही. नदीपलीकडच्या नॉयनहाइम या भागाच्या बाजूने चढ कितपत सौम्य आहे? टॅक्सी कुठपर्यंत सोडते? वाटेत बसायला बाके पुरेशी आहेत का?

दुपारी नदीकाठच्या नेकारवीझं हिरवळीवर घरचा डबा खाऊ. मात्र पाऊस आल्यास हाउप्टश्ट्रासं या मुख्य रस्त्याच्या आसपास आईसाठी शुद्ध शाकाहारी जेवण कोठे मिळेल, हेही कृपया कळवावे. वडीलधाऱ्यांना घेऊन तेथे गेलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.