निदान झालं, आता ऑफिसात सांगू का?

उतू_गेलेलं_दूध:
वय ३९, ठाणे, अकाउंट्सचं काम. मागच्या वर्षी लेकाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) निघालं. त्याचा फॉर्म भरताना दर प्रश्नाला नवरा माझ्याकडेच बघत होता. शेवटी मीही डॉक्टर गाठले. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे त्यांना बघायचं होतं, म्हणून आईने माळ्यावरून प्रगतिपुस्तकं काढली. चौथीचा शेरा: 'हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नसते.' आई म्हणाली, "यावरून तुला रट्टे दिले होते गं मी." मग बराच वेळ गप्पच.

मिथाइलफेनिडेट, म्हणजे त्यावरची गोळी, सुरू होऊन दोन महिने झाले. पहिल्याच दिवशी जीएसटीचा ताळमेळ एका बैठकीत संपवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बाकीच्यांचं रोज असंच असतं? भूक मात्र मेलीय, डबा तसाच परत येतो.

साहेबांना सांगू का? मला फक्त येण्याजाण्याच्या वाटेवरची जागा बदलून हवीय आणि तोंडी सांगितलेलं काम मेलवर.

हेडफोनवाला:
नका सांगू. मी सांगितलं. "अरे, मोबाइल कमी बघ" असं ऐकून घेतलं, आणि पुढच्या क्लायंट मीटिंगला माझ्याऐवजी दुसरा गेला. साहेब माणूस वाईट नव्हता, निदानाचं नावच वाईट.

टॅग_कापणारी:
मला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, तिशीनंतर कळलं. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या निदानावर दिव्यांग प्रमाणपत्राची आशा धरू नका. पण खुर्ची हलवायला प्रमाणपत्र कशाला? गरज सांगा, निदान नको.

गोळीबहाद्दर:
डब्याचं: गोळीआधी दडपून नाश्ता करा. वजन उतरत असेल तर डॉक्टरांना सांगाच. आणि चिठ्ठी संपायच्या आठवडाभर आधीच हालचाल करा, हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळत नाही.

उतू_गेलेलं_दूध:
एसीचा झोत सहन होत नाही म्हणून जागा बदलून घेतली (तेही खोटं नाही). काम सांगितलं की मीच मेल टाकते, 'असं असं समजलं, बरोबर ना?' साहेब खूश. बाकी अजून काही बोलले नाही.

काल आईचा फोन: "मीही जन्मभर चष्माच शोधतेय, हे तेच का गं?"