बोट विकून शेजारची २० एकर घ्यावी का?

मंडळी, मदत हवी आहे. अमेरिकेत, उत्तर विस्कॉन्सिनमध्ये आमची ४० एकर जंगलजमीन आहे, हरणांच्या शिकारीसाठी घेतलेली. तिला लागून असलेली २० एकर शेजारचे आजोबा विकायला काढताहेत. ओकची झाडं, ज्यांची फळं हरणं आवडीनं खातात, ती सगळी त्यांच्याच हद्दीत, त्यामुळे हरणांची वाट आमच्या कुंपणाला वळसा घालून तिकडेच जाते!

पैसे जुळवायचे तर मासेमारीची बोट विकावी लागेल. तलाव गोठला की ती ताडपत्रीखाली पडून. विमा आणि जागेचं भाडं मात्र सुटत नाही. पण बंदुकीने हरणांची शिकार करायचा हंगामही नोव्हेंबरातले नऊच दिवस, आणि मुलींचा जीव बोटीत. शिकार म्हटलं की नाकं मुरडतात.

जमीन अर्धी दलदलीची, जायला रस्ता फक्त आमच्याच जमिनीतून. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक मिळणं कठीण. भाव पाडून मागायला हरकत नाही, असं माझं मत. सौ.ला ते पटत नाही, म्हातारा माणूस आहे म्हणते.

आमची ४० एकर 'मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ'खाली (जंगल नीट राखण्याच्या बदल्यात करसवलत देणारा राज्याचा कायदा) २५ वर्षांसाठी आहे, कर कमी पडतो. नवी जमीन त्यात जोडलेली कुणी आहे का? आणि बोट आत्ताच काढू, की वसंतात चांगला भाव येईल?