रंग उडाला असला तरी ती गाडी रंगवू नका

मूळ रंगातली मर्सिडीज ३००एसएल गलविंग (पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी) विक्रीला आली आहे, ती घेणाऱ्याने आधी नव्याने रंगवून घ्यावी, असं कुणीतरी सुचवलं आहे. मला हे अजिबात पटत नाही. १९५४ ते १९५७ या काळात अशा जेमतेम १,४०० गाड्या बनल्या आणि त्यातल्या पुष्कळशा नंतर पार सोलून नव्याने उभ्या केल्या गेल्या. कारखान्यातला रंग, आसनांचं मूळ कापड, तेव्हाचे वेल्डिंगचे डाग हे सगळं एकदा गेलं की कितीही पैसे ओतले तरी परत येत नाही.

खर्च करायचाच तर इंजिनावर करा. या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इग्निशन बंद केलं तरी इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राहतो. ते सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. त्यामुळे शोभेला उभी ठेवून अधूनमधून पाच मिनिटं सुरू केलेली गाडी आतून झिजते, तर लांब पल्ल्याला नीट तापवून चालवलेली सुखरूप राहते. म्हणून मी आधी ऑइलचा वास घेईन, पेट्रोलचा दर्प आला तर पुढची चौकशी तिथूनच सुरू.

चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, जाळीसारख्या जोडलेल्या नळ्याही खालून बघा. त्या जाळीमुळेच बाजूचा उंबरठा इतका उंच झाला, आणि म्हणून दारं वर उघडणारी करावी लागली. तिथे गंज असेल तर वरच्या चकाकीला काय अर्थ?