मॉन्स्टर पिक्चर बघताना मधेच कंटाळा का येतो? (गॉडझिला हा अवाढव्य सरडा, काँग हे राक्षसी माकड वगैरे)

नुसताच_प्रेक्षक:
भाच्याबरोबर 'गॉडझिला एक्स काँग : द न्यू एम्पायर' बघितला होता तेव्हापासून हे डोक्यात आहे. मला आवडतात हे पिक्चर, ट्रेलर आला की अंगावर काटा येतो, तिकीट पण मोठ्या स्क्रीनचंच काढतो, पण तासाभराने काय होतं काय माहीत, समोर अख्ख्या रिओची वाट लागतेय आणि मी मोबाइलमधे किती वाजले ते बघतोय. सगळे म्हणतात माणसांची पात्रं फालतू असतात म्हणून असं होतं. पण 'ज्युरासिक पार्क'मधली माणसं तरी कुठे एवढी खोल होती? त्यात डायनासोर सगळे मिळून पंधराएक मिनिटं दिसतात, तरी जागचं हलवत नाही. मग नक्की गंडतं काय?

लालमाती:
अहो जत्रेतली कुस्ती बघायला गेल्यावर पैलवानाच्या घरची परिस्थिती कोण विचारतं? दोन धूड दाखवा, भिडवा, विषय संपला. 2014 च्या गॉडझिलात आठवतंय का, होनोलुलूच्या विमानतळावर तो येतो, डरकाळी फोडतो, आता जुंपणार म्हणून आपण सरसावून बसतो आणि कट! घरात एक पोरगं टीव्हीवर त्याचीच बातमी बघतंय. असला राग आला होता ना. त्यापेक्षा नवीन परवडले, निदान पैसे वसूल.

बंड्या_कॅमेरावाला:
माणसं-बिणसं नंतर, आधी वजन. पन्नास मीटर उंचीवरून दगड खाली यायला साधारण 3.2 सेकंद लागतात. 1954 चा पहिला गॉडझिला पन्नास मीटरचा धरला होता, म्हणजे प्रत्यक्षात रबरी सूटमधे घुसलेला माणूस (हारुओ नाकाजिमा, त्या सूटमधे उकडून चक्कर येऊन पडायचा बिचारा) आणि भोवती 25 पट छोटं टोकियो. त्या छोट्या बिल्डिंगचा तुकडा पाऊण सेकंदाच्या आतच जमिनीवर येणार, म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म जोरात पळवून शूट करायचं आणि नेहमीच्या स्पीडने दाखवायचं, की सगळं सावकाश पडतं आणि डोळ्याला वाटतं बापरे केवढं मोठंय. हिशोबाने 25 पट लहान मॉडेल असेल तर पाचपट सावकाश. आता कंप्युटरवर कुणी अडवायला नाही, त्यामुळे शंभर मीटरचा प्राणी पळतो, उड्या मारतो आणि दिसतो माकडाएवढा. 2013 चा 'पॅसिफिक रिम' बघा, रोबोटचा एक ठोसा मारायला केवढा वेळ जातो, वर पाऊस, खाली समुद्र. एका ठिकाणी तर तो ठोसा ऑफिसच्या बिल्डिंगमधे आरपार घुसतो आणि टेबलावरच्या लटकत्या गोळ्यांच्या खेळण्याला हलकेच टेकून थांबतो. त्या एका शॉटमधे कळतं कोण किती मोठं ते. 2018 चा दुसरा भाग भर उन्हात आणि सगळं टणाटण, त्यामुळे खेळणी भांडतायत असं वाटतं.

आणि लालमाती, त्या 2014 वाल्यात सैनिक विमानातून लाल धूर सोडत उड्या मारतात आणि ढगातून खाली येताना त्यांच्या चष्म्यातून गॉडझिलाचं अंग नुसतं बाजूने सरकतं, तो सीन विसरलात होय?

मोगरी:
बंड्याचं पटतंय पण अर्धंच. नवीन पिक्चरमधे अर्धा वेळ सगळे पृथ्वीच्या पोटात असतात, तिथे ना घर ना बस ना माणूस, मग मोठं म्हणजे कशापेक्षा मोठं? आणि वर आले की शहरं फुटतात पण मेलं कोण, कुणाला फिकीर नाही. 1954 चा पिक्चर अमेरिकेच्या बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर आठ महिन्यांत आलेला, त्या राखेत जपानची एक मासेमारी बोट सापडली होती. त्यामुळे गॉडझिला गेल्यावर पिक्चर थांबत नाही, हॉस्पिटलात जमिनीवर झोपवलेली माणसं आहेत आणि एका पोराच्या अंगाजवळ रेडिएशनचं यंत्र धरलंय. आता असं दाखवायला दम लागतो.

'गॉडझिला मायनस वन' (2023) ने हेच परत केलं. तो पण पन्नास मीटरचाच, आणि मागे लागतो एका लाकडी बोटीच्या, कॅमेरा बोटीतल्या माणसांबरोबरच. 35 जणांच्या टीमने व्हीएफएक्स (कंप्युटरवरची दृश्यं) केले आणि ऑस्कर नेलं.

फक्त एक, काँगची दाढ दुखते आणि तो उपटून घ्यायला येतो ते मला जाम आवडलं होतं, तिथे कुणी लेक्चर देत नाही. बाकीचा वेळ माणसं उभं राहून एकमेकांना पिक्चरच समजावून सांगतात.

नुसताच_प्रेक्षक:
हां, उभं राहून समजावणं, अगदी तेच! मी घड्याळ बघितलं ते बहुतेक तेव्हाच. पण मग 'शिन गॉडझिला' (2016) चं काय, त्यात तर नुसत्या मीटिंगा.

मोगरी:
त्या मीटिंगा म्हणजेच तर पिक्चर आहे ना, एक मीटिंग संपवून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत तो अजून वाढलेला असतो. 2011 चा भूकंप आणि फुकुशिमा झाल्यावरचं सरकार आहे ते.

लालमाती:
मायनस वन बघतो, मीटिंगवाला मला जमणार नाही. आणि काही म्हणा, काँगला तो लोखंडी हातमोजा घालतात तेव्हा थेटरात मी शिट्टी मारलीय, वजन गेलं खड्ड्यात.