गिरणी संपात वाढलेल्या नवऱ्याची पैशाची भीती

परळकरीण: नवऱ्याचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, सासरे गिरणीत साचे म्हणजे कापडाचे माग चालवायचे, 1982 चा संप झाला तेव्हा हा शाळेत होता. आता पगार चांगला आहे, तरी सगळा पैसा सेव्हिंग खात्यात पडून, वर कपाटात रोकड, आणि तूरडाळ तर वर्षभराची भरून ठेवतो. कर्ज नको म्हणून घरही घेऊ देत नाही. कसं समजवायचं?

गिरणगावचा: ताई, माझं घरही तेच. जवळपास अडीच लाख कामगार संपावर होते आणि तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, म्हणजे पुढच्या महिन्यात पगार सुरू होईल म्हणत लोक वाट बघत राहिले आणि तोवर आईचं मंगळसूत्र गहाण, वाण्याच्या वहीत उधारी, मग कुणी गावी कोकणात तर कुणी हातगाडीवर. हे बघितलेल्या पोराला पगार कायमचा वाटतच नाही हो. त्याला कंजूष म्हणू नका प्लीज.

साधा_हिशोब: भावना पटते पण महागाई पैसा खाते ना. आधी वर्षभराचा खर्च एफडीत वेगळा काढा, बँकेतल्या ठेवीवर 5 लाखांपर्यंत विमा असतो हे त्याला दाखवा, तेवढी रक्कम सुरक्षित दिसली की उरलेल्यातून पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीची बचत योजना), छोटी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम). होमलोनचा विषय आत्ता काढूच नका.

परळकरीण: वर्षभराचा खर्च वेगळा, हे ऐकेल तो. आज रात्री बोलते.