परदेशी काजू बीवर आयात शुल्क वाढवावं का?

कलमबाग: 2018 च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजू बीवरचं आयात शुल्क 5 टक्क्यांवरून अडीचवर आलं. ते 10 टक्के करा, असं माझं स्पष्ट मत आहे. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आणि कोकणचा हंगाम एकमेकांवर पडतो. मार्च-एप्रिलमध्ये व्यापारी बंदरात उतरलेल्या परदेशी बीच्या भावाकडे बोट दाखवून इथला भाव पाडतो. वेंगुर्ला-4 या सुधारित जातीची बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, वेंगुर्ला-7 ची 10 ग्रॅमची, दोन्हींत गर 30 टक्क्यांच्या घरात. आणि तोलायची कशाशी, तर तिकडच्या 23-25 टक्के गराच्या बारीक बीशी!

बॉयलर: बी 120 रुपये किलो धरा. शुल्क अडीच टक्क्यांवरून 10 टक्के झालं की किलोमागे 9 रुपये चढले. 4 किलो बीला 1 किलो गर, म्हणजे गरावर 36 रुपये. लहान कारखान्याची अख्खी मिळकत तेवढ्यात जाईल. दिवसाला 100 किलो बी फोडणाऱ्याला 300 दिवसांसाठी 30 टन लागते, म्हणजे 36 लाखांची बी मार्च ते मे मध्येच भरून ठेवायची. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान आहे खरं, पण ते यंत्रांवर. बी भरायला नाही. म्हणून दिवाळीनंतर टांझानियाची बी घ्यावी लागते, तिचा हंगाम ऑक्टोबरपासून असतो. ती महाग केलीत तर सोलणाऱ्या बायका जानेवारीत घरी बसतील.

सुकी बी: दोघेही बंदराकडे बघताय, मला खळ्यातली गोष्ट मोठी वाटते. झाडाखालून उचललेल्या बीत 18 टक्के ओलावा धरा. 8 टक्क्यांपर्यंत वाळवली की 100 किलोची 89 किलो होते. खरेदीदार दोन्हीला एकच भाव देतो, मग वाळवणार कोण? ओली बी गोणीत तापते, बुरशी धरते, गर डागी होतो आणि तो तोटा गृहीत धरून पुढच्या वर्षीचा भाव आधीच कापला जातो. दोन-तीन दिवस ऊन, मधून मधून परतणं, तागाची गोणी आणि खाली लाकडी फळ्या, एवढं पुरतं. मोजायचं असेल तर प्रत्येक लॉटमधली 1 किलो बी फोडा, चांगला, डागी आणि पोकळ गर वेगळा तोला, भाव त्यावर ठरवा.

कारखान्यांचंही एक सांगतो. गावठी आणि वेंगुर्ला-7 एकाच भांड्यात वाफवतात. बारीक बी जास्त शिजून गर पिवळा पडतो, मोठी कच्ची राहते, गर टरफलाला चिकटतो आणि पात्याखाली तुटतो. आधी चाळून आकार वेगळे करा, वाफवल्यावर रात्रभर निवू द्या. घाई करून गरम बी फोडली की 240 नंबरचा, म्हणजे मोठ्या प्रतीचा अख्खा गर पाकळी (अर्धी फोड) नाहीतर तुकडा होऊन बाहेर येतो. तिथे किलोमागे जाणारे पैसे तुमच्या 36 रुपयांहून कमी नसतात.

कलमबाग: ओलाव्याचं मान्य. पण भाव बंदरातच ठरतो, त्याचं काय? मग शुल्क मार्च ते जून एवढंच वाढवा. टांझानियाची बी त्यातून सुटेल.

बॉयलर: कागदावर छान. मोठा आयातदार माल बंधपत्रित गोदामात, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येतो तिथे, ठेवील आणि जुलैत सोडवील. गोदामातल्या मालाला सोडवण्याच्या दिवशीचा दर लागतो. निर्यातदार तर अग्रिम परवान्यावर शुल्काशिवायच बी आणतात. भरणार कोण? देशी बाजारात गर विकणारा लहान कारखानदार.

कलमबाग: म्हणजे बागायतदाराने नुसतं बघत बसायचं? राज्याने 2024 च्या हंगामाला किलोमागे 10 रुपये दिले होते. शुल्क नको तर तेच कायमचं करा.

सुकी बी: वजनावर देणार असाल तर ओल्या 100 किलोला 1000 रुपये, तीच वाळवून आणली तर 890. वाळवणाऱ्याचे 110 रुपये कापून घेतल्यासारखंच झालं. गराच्या वजनावर द्या, मी तुमच्या बाजूने.