मदत हवी आहे: खऱ्या माणसांची नावं असलेली गाणी सुचवा

मंडळी, आमच्या सोसायटीत कोजागिरीला दरवर्षी गाण्यांचा कार्यक्रम असतो, यावेळी थीम ठरलीये की ज्या गाण्याच्या शब्दांतच एखाद्या प्रसिद्ध माणसाचं नाव येतं तीच गाणी घ्यायची. इंग्रजी भराभर सापडली, मडोनाच्या 'व्होग'मध्ये तर हॉलिवूडच्या नटनट्यांची रांगच आहे. सगळ्यात लाडकं म्हणजे कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा', १९९७ चं, आपल्या आशाताईंवरचं! लतादीदी आणि रफीसाहेबांचंही नाव त्यात आहे, आणि १९९८ मध्ये त्याचं रिमिक्स इंग्लंडात थेट एक नंबरला गेलं. ऐकताना अजूनही ऊर भरून येतो.

'मिसेस रॉबिन्सन' या गाण्याचा किस्सा तर निवेदनात सांगणारच आहे. त्यात अमेरिकन बेसबॉलपटूला 'जो डिमॅजिओ, कुठे गेलास?' असं विचारलंय, आणि नंतर तो हे गाणं लिहिणाऱ्या पॉल सायमनला भेटला तेव्हा म्हणाला की अरे मी कुठेच गेलो नाही, परवाच तर कॉफी मशीनची जाहिरात केली!

पण मराठी-हिंदीत गाडी अडलीये. शिवरायांचे पोवाडे, भीमगीतं, गांधीजींवरचं 'साबरमती के संत' ही आहेतच, ती घेणारच. मला हवीत ती नटनट्या, खेळाडू, गायक यांची नावं सहज बोलण्याच्या ओघात येणारी गाणी, जुनी लावणी चालेल, कोळीगीत चालेल, रॅप तर पळेल. नुसतं पात्राचं नाव नको, माणूस खरा हवा. गाणं, साल आणि कुणाचं नाव येतं एवढं लिहा प्लीज, कडवं माहीत असेल तर तेही.